मोजदादीबाहेरचा माग

आपल्या देशातील कारखानदारीची वार्षिक पाहणी १९५९ पासून होत आली आहे. मात्र दीर्घकाळ तिचा पाया होता १९४८ चा कारखाने कायदा. त्यात वीज असल्यास किमान १० कामगार, नसल्यास २० अशी अट होती. त्याहून लहान शेड तिच्या कक्षेबाहेर राहिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे अधिकच वेगाने सरकले. गिरणी कामगार घटल्याची नोंद झाली. छोट्या शेडमध्ये माग चालवणारा त्या कोष्टकात आलाच नाही. अशा उद्योगांची पूर्वी अधूनमधून होणारी पाहणी दरवर्षी होऊ लागली ती २०२१-२२ पासून! ज्याची मोजदादच नाही, त्याच्या वेतनाचा प्रश्न कोण विचारणार? म्हणून मित्रहो, वाढीची टक्केवारी पाठ करण्यापूर्वी तीत कोण मोजला गेला, हे आधी विचारू या.