परसातली वेल आणि पुरलेले मडके



मार्च सरत आला की सोनगीरच्या बाजूला ऊन भाजू लागते. एप्रिल-मेमध्ये धुळे-जळगावकडे पारा ४० च्या वर जातो. नळाची वाट पाहायची, हंडे भरायचे आणि त्यातले परसातल्या गिलक्याला काय द्यायचे, हा प्रश्न घरोघर असतो. वेल वाळली की भाजी विकत आणणे आले, आणि उन्हाळ्यात भाजी महाग.

वरून तांब्याने ओतलेले पाणी बरेचसे ऊनच पिते. त्यापेक्षा मडके पुरावे. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात ही रीत सांगितली आहे. पाच-सहा लिटरचे कच्च्या रंगाचे, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे. झाकण हवेच, नाहीतर डास होतात. भोवतालची माती कोरडी झाली की मडके पाझरते, ओली असली की पाझर मंदावतो. मुळे आपणहून मडक्याभोवती जमतात. बी टोचायचे असेल तर मडक्यापासून वीतभर अंतरावर टोचा. वेल आधीच मोठी असेल तर बुंध्याशी खणू नका, मुळे तुटतील; हातभर लांब पुरा.

सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली, पण इथे त्यांचा उपयोग नाही! मातीचेच भांडे हवे. घरातला जुना माठ पाणी गार करीनासा झाला असेल तर तोही नको. जड पाण्याच्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात, मग तो पाझरणार कसा? पुरण्याआधी मडके भरून ठेवा, बाहेरून ओलसर झाले तर कामाचे.

आता एक नेहमीची तक्रार. दुपारी गिलक्याची, दुधीची पाने माना टाकतात आणि आपण धावत पाणी घालतो. थांबा. सूर्य कलल्यावर पाने पुन्हा उभी राहिली तर वेलीला तहान नव्हती, ती उन्हापुरती मिटली होती. सकाळीही पाने पडलेलीच दिसली तर मात्र पाणी द्या. टोमॅटोची फुले गळतात तीही बहुधा उष्म्यानेच. खत ओतून ती थांबत नाहीत. त्यापेक्षा पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा कूड किंवा जुने लुगडे बांधा.

काळ्या मातीला भेगा पडतात, त्यांतून ओल निघून जाते आणि मुळेही तुटतात. वरची माती खुरप्याने हलवून भेगा बुजवा आणि वर पालापाचोळा, गवत टाका. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या साबण-सोड्याचे मात्र नको, त्याने माती कडक होते. मडके भरण्याचे काम मुलग्यालाही सांगा, हंडा उचलायला मुलगीच कशाला?

कोरड्या उन्हात पानांच्या पाठीवर लाल कोळी होतो. पाने पिवळसर ठिपक्यांची दिसली की पान उलटे करून पाहा आणि खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा.

आपली माणसे मुंबई-कल्याणकडे कामाला आहेत, त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांना हा हिशेब चालत नाही. तिथे उन्हाबरोबर दमट हवा असते. अंगावरचा घाम वाळत नाही, तशी पानावरची ओलही लवकर वाळत नाही. गावच्यासारखे रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे कुजतात, पानांवर बुरशी धरते. तिथे बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही सकाळी आणि बुंध्याशी, पाने न भिजवता. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत, मधून वारा जायला हवा. कुंडीच्या बुडाला भोक आहे ना, आणि ते मातीने बुजले नाही ना, एवढे आजच पाहून घ्यायला कळवा.