हमीभाव आणि हमीचें काम

हंगामांत मजूर मिळत नाहींत, रोजगार हमीनें ते बिघडविले, ही तक्रार खातेदार बंधूंच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतों. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही आतां घरीं बसलों आहों. परंतु हजेरीपटांवरील अंगठे अद्यापि डोळ्यांपुढून जात नाहींत. म्हणून या तक्रारीविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

राज्यघटनेच्या उद्देशिकेंत सामाजिक, आर्थिक व राजनैतिक असे तीन न्याय सांगितले आहेत. पैकीं आर्थिक न्यायाचीं कलमें मुख्यत्वें चवथ्या भागांत घातलीं, आणि तीं न्यायालयामार्फत बजावून घेतां येणार नाहींत असें ३७ व्या कलमानें ठरविलें. ४१ वें कलम काम मिळण्याचा हक्क सांगतें, पण राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेंत. हुंडी लिहिली, मुदत मात्र घातली नाहीं!

ती हुंडी वटविण्यास आपलें महाराष्ट्र पुढें आलें. १९६५ सालीं वि. स. पागे यांच्या पुढाकारानें तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत लक्षावधि माणसें खडी फोडावयास आलीं. त्यांत सातबाऱ्यावर नांव असलेले खातेदारही होते, हें आपण सोयीनें विसरतों. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. खर्चासाठीं व्यवसायकर १९७५ सालींच बसला होता. तो आमच्या पगारांतून कापला जाई तेव्हां कचेरींत कुरकूर होई. आम्हीही ती केली आहे.

मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, असा कायदा. एका तालुक्याच्या कचेरींत असतां एक बाई कामाची मागणी घेऊन तीन वेळां आली. पोच देऊं नये असा तोंडी हुकूम होता. कारण पोच दिली कीं दिवस मोजावे लागत. आम्ही पोच दिली नाहीं. चवथ्या वेळीं ती आली नाहीं.

कापसास व तुरीस हमीभाव मिळावा म्हणून आपण मोर्चे काढतों, आणि तें योग्यच आहे. मग त्याच हमीचा शब्द मजुराच्या तोंडीं आला कीं आपणांस तो कां बोंचतो? मजूर मिळत नाहीं याचा अर्थ बहुधा जुन्या दरानें मिळत नाहीं, इतकाच असतो. ज्यांनीं पाझर तलाव खणले त्यांच्या श्रमाचें पाणी आपल्याच विहिरींत उतरलें; १९९० च्या सुमारास फळबागांस या योजनेची जोड मिळाली, तीही जमीनवाल्यांच्याच बांधावर.

तक्रारींत एक अंश खरा आहे. ऐन पेरणींत व काढणींत रस्त्याचें काम काढणें हें अडाणीपणाचें होय. यासाठीं ग्रामसभेंत ठराव करावा कीं, हंगामाचे दिवस वगळून कामें आंखावीं. परंतु त्याच ठरावांत प्रत्येक मागणीस तारखेची पोच मिळावी हेंही घालावें. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहों.