हजार यार्डांचा नेम आणि जगाचा दारूबाजार

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि इथे ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळींनाही अचानक नेमबाजीत रस वाटू लागला. तेव्हापासून ओळखीतली तरुण मुलं विचारतात, "काका, तुम्ही ते लांब पल्ल्याचं शूटिंग करता ना? आम्ही कुठली रायफल घ्यावी?" मी सांगतो, रायफलचं नंतर बघू, आधी काडतूस ठरवा. रायफल एकदा घ्यायची असते, काडतुसं दर महिन्याला लागतात. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत काडतूस निवडणं हा जागतिक राजकारणाचा विषय होऊन बसला आहे.

आधी खेळ समजून घेऊ. स्वप्निल खेळतो त्या प्रकारात पॉइंट टू-टूचं छोटं काडतूस आणि ५० मीटरचं अंतर असतं. आमचा पल्ला हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. ओहायोतच लेक एरीच्या काठावर कँप पेरी आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि तळ्यावरून येणारा वारा भल्याभल्यांना रडवतो. या अंतरावर खरा प्रतिस्पर्धी वाराच.

नवशिक्यासमोर मुख्यतः दोन नावं येतात. एक ३०८ विंचेस्टर, १९५२ साली बाजारात आलेलं. दोन वर्षांनी त्याचंच लष्करी भावंड ७.६२ नाटो देशांनी स्वीकारलं. दुसरं ६.५ क्रीडमोर, हॉर्नडी कंपनीनं २००७ मध्ये आणलेलं. त्याची गोळी बारीक आणि लांबट, त्यामुळे हवा चांगली कापते. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर हजार यार्डांवर ३०८ ची गोळी ठोकळमानानं साडेआठ फूट सरकते, क्रीडमोरची सव्वासहा फूट. शिवाय खांद्याला धक्का कमी. दुसऱ्या बाजूला, ३०८ ची नळी साधारण पाच हजार गोळ्या अचूकता टिकवते, क्रीडमोरची दोन-तीन हजार.

हे वाचून कोणीही क्रीडमोरच घेईल. पण थोडं गणित करा. वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त एका मैलानं चुकला, तर ३०८ ची गोळी १० इंच बाजूला जाते, क्रीडमोरची साडेसात इंच. एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून जेमतेम पाच इंच. दोन्ही गोळ्या दहाच्या बाहेरच! काडतूस बदलून चूक लहान होते, टळत नाही. ती टाळायची तर वारा वाचता यायला हवा आणि ते वर्षाला हजार-बाराशे गोळ्या झाडल्याशिवाय येत नाही. जे काडतूस तुम्हाला मिळेल आणि परवडेल, तेच तुम्हाला नेमबाज बनवेल.

आता मिळण्याबद्दल. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. आमच्यातले बहुतेक जण हे भाग वेगळे आणून घरी काडतुसं भरतात. कारखान्यातल्या स्पर्धा-दर्जाच्या एका काडतुसाला दीड ते अडीच डॉलर पडतात, घरी बरंच स्वस्त पडतं. २०२० मध्ये कोविड आला, बंदुकांची खरेदी उसळली आणि प्रायमर दुकानांतून गायब झाले. ते सावरतंय तोवर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि साऱ्या युरोपला तोफगोळ्यांची निकड भासली. तोफेची दारू आणि रायफलची दारू, दोन्हींचं मूळ एकच: नायट्रोसेल्युलोज.

नायट्रोसेल्युलोज मुख्यतः कापसापासून होतं. आपल्या विदर्भ-खानदेशातल्या लोकांना हे लगेच समजेल. जिनिंगमध्ये रुई निघाली, की सरकीवर बारीक लव उरते. ती काढून, शुद्ध करून तिच्यावर आम्लाची प्रक्रिया केली, की दारूचा मूळ पदार्थ तयार होतो. ही लव युरोपातले कारखाने मोठ्या प्रमाणात चीनमधून आणतात. म्हणजे युक्रेनला तोफगोळे पुरवणारा युरोप कच्च्या मालासाठी चीनकडे बघतो आणि त्या रांगेत अगदी शेवटी आमच्यासारखे हौशी नेमबाज उभे. हे काम किती जोखमीचं आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटानं आपल्याला दाखवलं. कामगारांचे जीव गेले. युद्ध सुरू झालं म्हणून असा कारखाना सहा महिन्यांत उभा करता येत नाही.

अमेरिकेत दारूचं काय? क्रीडमोरसाठी सर्वांत लोकप्रिय दारू एच-४३५०, ३०८ साठी व्हारगेट. डब्यावर कॅन्ससच्या हॉजडन कंपनीचं नाव असतं, पण दोन्ही तयार होतात ऑस्ट्रेलियात, मुलवाला गावातल्या एकाच कारखान्यात. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यालाही दारू तिथूनच जाते. सैन्याची गरज वाढली, तर कोणाचा डबा आधी थांबेल हे सांगायला नको.

प्रायमरची कथाही बघण्यासारखी आहे. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. यातली पहिली तिन्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक कंपनीकडे गेली, सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरना. बंदूक बाळगणं हा संविधानानं दिलेला हक्क मानणाऱ्या देशात काडतुसाची ठिणगी बऱ्याच अंशी प्रागच्या मालकीची आहे! कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, कारखाने अमेरिकेतच आहेत. पण चारपैकी तीन दुकानं एकाच शेठची झाली, की भाव कोण ठरवणार, हे बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला कळतं.

पूर्वी या धंद्यात एक सोपा नियम होता: फौज जे वापरते ते स्वस्त आणि मुबलक मिळतं. ३०-०६, ३०८, २२३, सगळी फौजेच्या पाठीवर बसून आली. क्रीडमोर उलट्या वाटेनं गेलं. आधी खेळाडूंनी उचललं, मग अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनी आपल्या स्नायपर रायफलींसाठी निवडलं. आता अमेरिकी लष्करानं २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरचं नवं काडतूस घेतलंय. मग पुढचं स्वस्त काडतूस हेच का? मला तसं वाटत नाही. त्याचा दाब ८० हजार पीएसआयपर्यंत जातो, ३०८ चा कमाल दाब ६२ हजार. त्यासाठी पोलाद आणि पितळ जोडलेली महागडी पुंगळी लागते. लक्ष्यावर कागद फोडायला एवढा खटाटोप कशाला?

याच काळात कंपन्या दर दोन वर्षांनी नवं काडतूस काढतात: २०१८ ला ६.५ पीआरसी, २०२० ला ६ मिलिमीटर एआरसी, २०२२ ला ७ पीआरसी. कागदावर सगळी छान. पण टंचाई आली, की कारखाना जास्त खपाचा माल आधी काढतो आणि नव्या नावांचं शेल्फ महिनोन् महिने रिकामं राहतं.

म्हणून माझा सल्ला असा. एफ-टीआर प्रकारात खेळायचं असेल तर नियमानंच २२३ आणि ३०८ ही दोनच काडतुसं चालतात, तिथे प्रश्न मिटला. इतरत्र क्रीडमोर घ्यायला हरकत नाही. त्याचा खप आता एवढा आहे, की ते सहजासहजी नाहीसं होणार नाही. मात्र एकाच दारूवर अडकू नका. आपल्या रायफलीला मानवणाऱ्या दोन दारू, दोन वेगवेगळ्या देशांतल्या, आधीच तपासून ठेवा. आणि पहिलं वर्ष पॉइंट टू-टूवर काढा. दोनशे यार्डांवर ती छोटी गोळी वाऱ्यात इतकी भरकटते, की वारा शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. हायस्कूलमधल्या मुलांसाठी तर हाच मार्ग; नाहीतर डॉलर-दोन डॉलरच्या प्रत्येक गोळीपायी हुशार मुलं खेळ सोडून जातात. आमच्या क्लबातून अशी तिघं गेलेली मी पाहिली आहेत.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. मित्राबरोबर रेंजवर "एकदाच मारून बघू" म्हणण्याआधी वकिलाला विचारा, इथे प्रश्न नोकरीचा आणि व्हिसाचा असतो. दुसरं, रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूसही तिकडे शस्त्र कायद्याखाली प्रकरण होतं आणि रिकाम्या पुंगळीवरूनही विमानतळावर ताटकळावं लागतं.

क्रीडमोर हे नाव न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जुन्या रेंजचं. तिथे १८७४ मध्ये अमेरिकेनं आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ असं हरवलं. आयरिश लोकांच्या बंदुका तोंडाकडून भरायच्या, अमेरिकनांच्या मागून. कोणतं हत्यार श्रेष्ठ यावर वाद तेव्हाही झालेच असतील. पण तीन गुणांचा फरक कोणत्याही वाऱ्यात मिटू शकतो. तेव्हा दुकानात जाल तर कोणतं काडतूस सर्वांत वेगवान हे विचारूच नका. गेल्या तीन वर्षांत कोणतं कधीच संपलं नाही, ते विचारा.