रक्कम बरोबर, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

पोस्ट थोडी मोठी आहे. पण तुमच्याही घरी अशी नोटीस आली असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एक काकू दुकानात आल्या. हातात घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस. म्हणाल्या, "अरे, ही माझीच आहे का बघ बरं." बघितली. घर क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, हरकत घ्यायची शेवटची तारीख बरोबर. आणि 'श्री./श्रीमती' च्या पुढे ओळभर नुसती प्रश्नचिन्हं!

काकू हरकत द्यायला खिडकीवर गेल्या, तर पहिला सवाल, "ही नोटीस तुमचीच कशावरून?" दोन हेलपाटे फुकट गेले. तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो. तिथल्या माणसाने पेनाने नाव लिहून दिलं आणि म्हणाला, "दादा, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, आमच्या हातात काही नाही."

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. कारण ते खोटं आहे.

वीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवतो. मेल मर्ज म्हणजे काय ते मला माहीत आहे. पत्राचा एक मसुदा असतो, नावांची एक यादी असते, आणि वर्ड एकेक नाव उचलून मसुद्यात बसवतं. मसुदा मराठीत नीट छापला गेला, म्हणजे फॉन्ट आहे, प्रिंटर ठीक आहे. बिघडली ती यादी. आणि यादी माणसाने बिघडवली.

कशी, ते सांगतो. एक्सेलमधली यादी साध्या 'सीएसव्ही' प्रकारात सेव्ह केली की ती जुन्या, रोमन अक्षरांपुरत्या संकेतात लिहिली जाते. त्या संकेतात देवनागरीला जागाच नाही. मग प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. 'कृष्णाबाई' आपल्याला चार अक्षरं दिसतात, संगणकाला ते नऊ तुकडे: क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना, ब, काना, ई. म्हणजे नऊ प्रश्नचिन्हं. रोमन आकड्यांना मात्र त्या संकेतात जागा आहे. म्हणून रक्कम शाबूत आणि माणूस गायब!

यात फरक ओळखायला शिका. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलमधलं नाव कायमचं गेलं, मूळ यादीकडेच परत जावं लागतं. मात्रा दिलेले रोमन 'ए' आणि येनची चिन्हं यांची खिचडी दिसत असेल, तर नाव बहुधा आत सुखरूप आहे, फक्त चुकीच्या संकेताने वाचलं गेलंय. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून नऊ तुकड्यांची सत्तावीस भलतीच चिन्हं होतात. नुसते चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. आणि इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा दिसला तर यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती आधी रूपांतरित करावी लागते.

उपाय? दोन मिनिटांचा. यादी एक्सेलच्या मूळ फाइलमधूनच वर्डला जोडा, सीएसव्ही करूच नका. करावीच लागली तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. बाहेरून आलेली सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि संकेत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. झालं. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, निविदा लागत नाही, समिती तर नाहीच नाही.

माझ्याही हातून हे झालंय, लपवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या सभेची पाकिटं अशीच छापली. सेक्रेटरी काकांनी गठ्ठा परत आणून टेबलावर आपटला. रात्री बसून पुन्हा छापली, पदरचे पैसे घालून. मुद्दा तोच आहे. मला परत छापायला लावणारा कोणी होता. इथे कोण आहे?

खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, आणि छपाई बाहेर दिलेली असते. राग आहे तो गठ्ठ्यातली वरची दहा पानंसुद्धा न वाचता सही करणाऱ्यावर आणि बिल मंजूर करणाऱ्यावर.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जाचा निर्णय झाला, आपण पेढे वाटले. आणि आपल्याच गावात, आपल्याच भाषेतल्या कागदावर, आपल्याच बाईचं नाव उमटत नाही! पाट्यांवरून भांडणारे आपण सगळे यावर गप्प का?

म्हणून मागणी साधी आहे.

एक, ज्या नोटिशीवर नाव नाही ती नोटीस बजावली असं धरू नका. दुरुस्त नोटीस द्या आणि हरकतीची मुदत त्या दिवसापासून मोजा.

दोन, छपाईच्या करारात लिहा: यादी युनिकोडमध्ये, आणि नाव बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा छापायचं.

तीन, छपाईआधी वीस अवघड नावं डोळ्यांनी वाचा. ज्ञानेश्वर, कृष्णा, गोऱ्हे, कुऱ्हाडे, ॲड. अमुक. 'गोऱ्हे'चं 'गोर्हे' झालं तर तिथेच थांबा.

ज्यांना अशी नोटीस आली त्यांनी ती फाडू नका. झेरॉक्स काढा, लेखी अर्जासोबत जोडा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पेनाने लिहून घेतलेल्या नावावर विसंबू नका. अर्ज कसा लिहायचा ते कळत नसेल तर दुकानात या, लिहून देतो, झेरॉक्सचे पैसेही घेणार नाही.

कर भरायला आम्ही तयार आहोत. पण मागताना निदान नावाने मागा.

पटलं तर आपल्या वॉर्डच्या ग्रुपवर पुढे पाठवा.