अखंड आख

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुतण्या आला. पोहे झाले, चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. एवढी विचारपूस झाली म्हणजे काहीतरी काम आहे हे ओळखायला मास्तर असावं लागत नाही. शेवटी म्हणाला, "काका, दीड लाख उसने हवे होते. गाडीचा पुढचा एक्सल बदलायचाय."

"मोडला का?"

"नाही, चांगला आहे."

"मग?"

"तो काढून जुन्या पद्धतीचा बसवायचाय."

चांगली वस्तू काढून जुनी बसवायला दीड लाख! आमच्या पिढीला हे गणित पटकन सुटत नाही. पण मुलगा गुणी आहे, उधळ्या नाही. शिवाय आयुष्यभर वर्गात "आधी प्रश्न नीट वाचा" असं सांगत आलो. तेव्हा म्हटलं, आधी मला समजावून सांग. त्या दिवशी तो सांगायला बसला आणि पुढचे पंधरा दिवस मी स्वतःच खोदत बसलो. त्यातून माझं जे मत झालं ते इथे लिहितो आहे. पुतण्याही वाचेलच.

तर विषय असा. बैलगाडीला दोन चाकं जोडणारा जो आडवा दांडा असतो त्याला आपण आख म्हणतो. एक चाक धोंड्यावर चढलं की आख तिरका होतो, गाडीवान कलंडतो आणि बैलाच्या नावाने शिवी हासडतो. जुन्या जीपला पुढेमागे असेच अखंड आख होते, फक्त पोलादी, पोकळ, आणि मध्ये डिफरन्शियलचा गोळा. वर पाट्यांची कमान, आणि तिच्यावर चासी. बस्स, एवढंच. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे महिंद्रांनी विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून कित्येक दशकं ही रचना तशीच चालली.

नव्या पद्धतीत पुढचा आख नसतोच. डिफरन्शियल चासीला घट्ट बांधलेलं असतं, आणि त्यातून दोन्हीकडे दोन सुटे दांडे निघतात. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, शेजारच्या चाकाला त्याचा पत्ता नाही. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजवं सरळ धावतं. रस्त्यावर हे फार सुखाचं. लोंबकळणारं वजन कमी, स्टिअरिंग हलकं, वेगात गाडी स्थिर. २०१० साली थार आली तेव्हा तिच्या सीआरडीई प्रकाराला पुढे हीच मोकळी रचना होती, टॉर्शन बारवर तोललेली. २०२० च्या नव्या थारलाही पुढे सुटी चाकंच आहेत. जगभर हेच झालं. मर्सिडीजच्या जी वॅगनने २०१८ साली पुढचा आख सोडला, नव्या डिफेंडरने तर पुढचा-मागचा दोन्ही.

मग पुतण्याला जुनं का हवं? कारण तो ज्याला रस्ता म्हणतो त्याला मी ओढा म्हणतो.

अखंड आखाचं वैशिष्ट्य दगडधोंड्यांत कळतं. तो तराजूच्या दांडीसारखा वागतो. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणजे जमीन सोडत नाही, पकड राहते. आणि चाक दगडावर चढलं की मधला गोळाही त्याच्याबरोबर वर उचलला जातो. सुट्या चाकांच्या गाडीत चाक वर गेलं की पोट तिथेच राहतं, किंबहुना जमिनीच्या जवळ येतं, आणि नेमकं तेव्हाच खालचा धोंडा लागतो. शिवाय त्या सुट्या दांड्यांना सांधे असतात. गाडी उंच करून मोठे टायर घातले की ते सांधे कायम वाकड्या कोनात फिरतात, रबरी टोप्या फाटतात, आत चिखल जातो आणि एक दिवस कडकन आवाज होतो. पुतण्याने गाडी तीन इंच उचलली, टायर वाढवले, आणि दोन पावसाळ्यांत दोन सांधे मोडले. यात दोष गाडीचा नाही, त्याचाच. तो तसं कबूलही करतो. औषध म्हणून त्याला आख हवा आहे.

हे ऐकताना मला १९९० ची विधानसभा निवडणूक आठवली. आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागलेली. माझं केंद्र अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. मतपेट्या, शाई, लाख, कंदील, एक हवालदार आणि आम्ही चौघे, एवढं सगळं एका सरकारी जीपमध्ये. वाटेत नदीचं कोरडं पात्र होतं, डोक्याएवढे गोटे. ड्रायव्हरने उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवले, आत येऊन एक आखूड दांडा ओढला आणि म्हणाला, "गुरुजी, जीभ आत ठेवा." पुढची दहा मिनिटं ती जीप गोट्यांवरून खेकड्यासारखी चालली. डावीकडे कलली की मी हवालदाराच्या मांडीवर, उजवीकडे कलली की तो माझ्या. पण एकाही चाकाने जमीन सोडली नाही. मतपेट्या वेळेवर पोचल्या. त्या गाडीखाली काय होतं हे मला आत्ता, पस्तीस वर्षांनी कळतंय! असो.

म्हणजे पुतण्याचा हट्ट खुळा नाही, हे आधी मान्य करतो. तो नवाही नाही. अमेरिकेत टोयोटाने चारचाकी-जोर असलेल्या पिकअपचा अखंड आख १९८५ नंतर सोडला, १९८६ च्या गाडीला सुटी चाकं दिली. तेव्हापासून तिथले हौशी लोक नव्या गाड्यांखाली जुने आख घालत आले आहेत. चाळीस वर्षं झाली.

पण "घालणे" हा एक शब्द आहे, काम मात्र एक नाही. मी पुतण्याबरोबर एका गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तिथल्या मेस्त्रींनी स्टुलावर फडकं टाकून मला बसवलं आणि सावकाश सगळं दाखवलं. जुनी रचना कापून काढायची. चासीला पाट्यांचे हँगर नव्याने वेल्ड करायचे. हे वेल्डिंग म्हणजे खिडकीच्या ग्रिलचं नव्हे, पुढच्या धडीचा सगळा भार त्यावर येणार. आख कलता किती ठेवायचा हा वेगळाच प्रश्न. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो म्हणून तर हात सोडून सायकल चालवता येते. मोटारीलाही तसाच तिरपेपणा लागतो. त्याला हे लोक कॅस्टर म्हणतात. तो कमी पडला तर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही, गाडी भरकटते. पुढचं डिफरन्शियल आणि मागचं, दोन्हींचं गुणोत्तर एकच हवं, नाहीतर चारही चाकांना जोर दिला की पुढची चाकं एक म्हणणार आणि मागची दुसरं, आणि मधला गिअर भरडला जाणार. गोळा आखाच्या ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ट्रान्स्फर केसमधून दांडा निघायला हवा. जुन्या जीपच्या आखाला ड्रम ब्रेक, आणि गाडीला तर पुढे डिस्क होते. तेव्हा तेही बदला. ब्रेकचे नळ लांब करा. स्टिअरिंगचा दांडा कोणत्या कोनात बसतो ते पाहा, कारण कोन चुकला तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपोआप वळते.

मेस्त्री म्हणाले, "सर, आख बसवायला चार दिवस. तो नीट चालायला लावायला चार महिने."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण पुतण्याच्या एका मित्राने ते चार महिने वाचवले होते. दुसरीकडे कुठेतरी घाईत काम करून घेतलं. पुणे-नाशिक रस्त्यावर ऐंशीच्या वेगात एक खड्डा लागला आणि पुढची चाकं जी थडथडायला लागली ती थांबेचनात. स्टिअरिंग हातातून सुटू पाहतंय, मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थरथरणं चाललं. नशीब, मागून ट्रक नव्हता. अखंड आखात हे होतं, कारण एका चाकाची थरथर थेट दुसऱ्याला पोचते. जी दांडी ओढ्यात मित्र, तीच हमरस्त्यावर अशी उलटते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली : नियमात न बसणाऱ्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून हात वर करू शकते, ते वेगळंच.

पुतण्या यावर उसळला. त्याचं म्हणणं, "काका, त्याच २०१० च्या थारचा डीआय प्रकार होता ना, त्याला कारखान्यातूनच पुढे अखंड एक्सल आणि पाटे यायचे! नाव तेच, कारखाना तोच. मग तो बसवला तर मी गुन्हेगार कसा?"

मुद्दा बिनतोड वाटतो. मीही दोन दिवस निरुत्तर होतो. मग लक्षात आलं की डीआयचं इंजिन त्रेसष्ट अश्वशक्तीचं आणि याच्या गाडीचं एकशे पाच. जो आख सावकाश गाडीखाली शोभतो तो वेगवान गाडीखाली शोभेलच असं नाही. शोभेलही कदाचित. पण ते ठरवायचं कोणी? पुतण्याने नाही, मेस्त्रींनी एकट्यांनी नाही आणि मी तर मराठीचा मास्तर.

माझं खरं भांडण इथे आहे. मी रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला पुणेकर एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण वाहनं तपासणारी ती १९६६ सालची संस्था तिथेच आहे. गाडीत सीएनजी बसवायचं तर मंजूर केलेला संच मिळतो, तो पुस्तकात नोंदवता येतो. अपंगांसाठी गाडीत बदल करायला कायद्याने वाट ठेवली आहे. म्हणजे "तपासा आणि मग परवानगी द्या" ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जर्मनीत असे बदल तपासनीस पाहतो आणि कागदावर चढवतो. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे हौशी माणसाला अशी सरळ वाट नाही, म्हणून काय झालं? काम थांबलं का? अजिबात नाही. ते पत्र्याच्या शेडमागे गेलं. पावती नाही, नोंद नाही, वेल्ड कोणी तपासलं नाही. चांगला मेस्त्री आणि वाईट मेस्त्री दोघेही सारखेच लपलेले, त्यामुळे कोणता कुठला हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. वर्गात कॉपी पकडायची म्हणून परीक्षाच रद्द करण्यातला हा प्रकार आहे. परीक्षा घ्या ना! आखाचे दोन-तीन संच तपासून मंजूर करा, वेल्डिंगचा नमुना ठरवा, ब्रेकची चाचणी घ्या, कॅस्टर मोजा, पुस्तकात शिक्का मारा. नापास झाला तर गाडी रस्त्यावर येणार नाही. तो मित्र पहिल्याच दिवशी नापास झाला असता आणि त्याच्या मुलीचा जीव टांगणीला लागला नसता.

तोवर मात्र पुतण्याला माझं उत्तर "नाही" असंच आहे. कायदा मला अर्धवट वाटतो, म्हणून तो मोडायला मी पैसे देणार नाही. त्याच गाडीतून तो माझ्या वहिनीला दवाखान्यात नेतो, हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. स्पर्धेपुरती गाडी असती, ट्रेलरवरून जाणारी आणि ट्रेलरवरून येणारी, तर गोष्ट वेगळी होती. २०१४ साली गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली पहिली स्पर्धा झाली. असल्या स्पर्धांच्या चिखलात माणूस आपल्या जबाबदारीवर उतरतो. समोरून येणाऱ्या दुधवाल्याने मात्र कसलीच जबाबदारी घेतलेली नसते.

शिवाय कारखान्यातूनच अखंड आख घेऊन आलेल्या गाड्या का कमी आहेत? रँग्लरला अजूनही आहे, २०२१ पासून तिची जोडणी आपल्या रांजणगावलाच सुरू झाली, पण तिची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. जिम्नी २०२३ पासून आपल्याकडे विकली जाऊ लागली, तिला पुढेमागे अखंड आख आहेत. पुतण्याला ती "गोंडस" वाटते. हा शब्द त्याने ज्या स्वरात उच्चारला त्यावरून तो विषय संपला. राहिली जुनी जीप.

परवा आम्ही दोघे नारायणगावच्या पुढे एका बागायतदाराकडे गेलो होतो. गोठ्याशेजारी वीस वर्षं उभी असलेली जीप, वर कांद्याची पोती. कागद आहेत, पण मुदत संपलेली. तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागेल. पुतण्या नव्या शर्टासकट तिच्याखाली शिरला आणि टॉर्च मारत आतूनच ओरडला, "काका, पाटे शाबूत आहेत!" बागायतदार नव्वद हजार म्हणतात, मी सत्तर म्हणालो. चहा दोनदा झाला. येत्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय. मेस्त्रींनाही बरोबर घेणार आहे.