वेष कोळ्याचा, निर्णय कुणाचा?

शाळांची स्नेहसंमेलने असोत, गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रम असोत की एखाद्या सरकारी सोहळ्यातील मनोरंजनाचा तास असो. महाराष्ट्रात कोळीनृत्यावाचून कार्यक्रम पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर दहा-बारा जण एकसारखे उभे असतात. पुरुषांच्या कमरेला चौकडीचा रुमाल, अंगात बंडी, डोक्यावर तांबडी टोपी आणि हातात पुठ्ठ्याचे वल्हे. स्त्रियांची चकचकीत लुगडी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, अंबाड्यात वेणी आणि कमरेवर टोपली. गाण्याची पहिली ओळ कानी पडण्यापूर्वीच प्रेक्षकाला सारे उमगलेले असते. ही कोळी माणसे आहेत, ती आनंदात आहेत आणि आता समुद्राचे गाणे होणार आहे.

एवढे सगळे केवळ कपड्यांनी सांगावे, ही रंगभूमीवरील वेषाची ताकदच म्हटली पाहिजे. मात्र याच वेषाकडे रायगडच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर काही प्रश्न पडतात. हा रंगमंचावरचा कोळी नेमका कोण? तो मुरूडचा आहे, रेवदंड्याचा आहे की उरणचा? होडीचा मालक असलेला नाखवा आहे, होडी चालवणारा तांडेल आहे की मजुरीवर जाणारा खलाशी? टोपली घेऊन नाचणारी स्त्री बंदरावर लिलावात मासळी उचलते की दारोदार फिरून विकते? वेषावरून यातले काहीच कळत नाही. समूह ताबडतोब ओळखू येतो, पण माणूस ओळखू येत नाही.

रंगमंचावरील वेषाला नेहमीच दोन कामे करावी लागतात. पात्र कोणत्या समूहाचे हे त्याने सांगायचे आणि त्या समूहात हे पात्र वेगळे कसे, हेही सांगायचे. कोकणच्या लोककलांनी ही दोन्ही कामे पिढ्यानपिढ्या चोख बजावली आहेत. रत्नागिरी आणि दक्षिण रायगडातील नमन-खेळ्यांचे उदाहरण घ्या. खेळे एकसारख्या पोशाखात येतात, कारण ते गावाचे प्रतिनिधी असतात. पण त्यांच्यात संकासुर शिरला की तो हजारांत उठून दिसतो. काळा वेष, उंच निमुळती टोपी आणि पांढरी दाढी. मुलांना भीतीही वाटते आणि हसूही येते. गोमूचे लुगडे नेसलेला पुरुष हा त्या मेळ्यातला आणखी एक स्वतंत्र स्वभाव. सिंधुदुर्गात गेल्यावर दशावतारातला संकासुर लोंबत्या लाल जिभेसह भेटतो. पात्र एकच, परंतु मुलूख बदलला की वेष बदलतो आणि प्रेक्षकाला तो फरक ठाऊक असतो. २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटामुळे शहरी प्रेक्षकांनाही या वेषांच्या दुनियेचे थोडेफार दर्शन घडले.

जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात, हे तत्त्व आणखी स्पष्ट होते. एक पक्ष कलगीचा, म्हणजे शक्तीचे श्रेष्ठत्व गाणारा. दुसरा तुऱ्याचा, शिवाची बाजू घेणारा. कलगी आणि तुरा ही मुळात शिरोभूषणेच. म्हणजे डोक्यावरच्या अलंकारानेच दोन पंथांना नावे दिली आहेत. या नृत्याला ‘बाल्या नाच’ असेही म्हणतात आणि ते नाव मुंबईत चाकरीला गेलेल्या कोकणी गड्यांच्या कानातील बाळीवरून पडल्याचे सांगितले जाते. शहराने बाळी पाहिली आणि माणसाला नाव देऊन टाकले. दागिना त्या माणसाचा होता, पण त्याचा अर्थ पाहणाऱ्याने ठरवला. कोळी वेषाचे पुढे जे झाले त्याची ही पूर्वखूण समजायला हरकत नाही.

याच्या अगदी उलट प्रवास आजची शहरी मुले पडद्यावर पाहत आहेत. जपानमध्ये २०१० मध्ये ‘लव्ह लाइव्ह’ नावाची एक मालिका जन्माला आली. बंद पडू घातलेली आपली शाळा वाचवण्यासाठी नऊ मुली गाणारा-नाचणारा गट काढतात, अशी तिची कथा. या नऊही मुली काल्पनिक. तरीही प्रत्येकीला स्वतःचा रंग ठरवून दिलेला आहे. गाण्यासाठी गट रंगमंचावर येतो तेव्हा पोशाखाची धाटणी सगळ्यांची एक असते, म्हणून तो गट वाटतो. पण एकीची फीत वेगळी, दुसरीची बाही वेगळी, तिसरीच्या केसातले फूल वेगळे. लाजरी कोण, पुढाकार घेणारी कोण, हे संवादाशिवाय समजते. या पात्रांना आवाज देणाऱ्या अभिनेत्री तेच पोशाख चढवून प्रत्यक्ष रंगमंचावर गायल्या आणि २०१६ मध्ये त्यांनी टोकियो डोमसारखे प्रचंड सभागृह भरवले. मुंबईतील कॉमिक कॉनला अशा जपानी पात्रांचे वेष करून येणारे तरुण दिसतात. हे वेष शिवताना बटणाची जागासुद्धा चुकू नये, याची काळजी त्यांच्यातले अनेक जण घेतात.

यातला विरोधाभास नजरेआड करता येणार नाही. जी माणसे अस्तित्वातच नाहीत, त्यांच्या वेषातील बारकावा न बारकावा जपला जातो. आणि जी माणसे मुंबईपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर राहतात, त्यांचा वेष मात्र भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानातून ‘कोळी, बारा नग’ असा मागवला जातो. काल्पनिक पात्रांना वेषातून व्यक्तिमत्त्व मिळते. खऱ्या माणसांचे मात्र वेषातूनच काढून घेतले जाते.

हा वेष खोटा आहे, असे मुळीच नाही. त्याच्या मुळाशी कष्टाचे शहाणपण आहे. कमरेला रुमाल त्रिकोणी बांधण्याची कोळ्यांची पद्धत, ज्याला सुरका म्हणतात, ती पाय मोकळे ठेवते. पाण्यात उतरावे लागते, होडी ढकलावी लागते आणि ओले कापड लवकर वाळावे लागते. स्त्रियांचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे हे खाडीच्या चिखलातून आणि बंदराच्या ओल्या फरशीवरून झपाझप चालण्यासाठी. रंगमंचावर गेल्यावर या कपड्यांतून काम वजा झाले आणि रंग तेवढे उरले. यात सगळाच दोष सादर करणाऱ्यांचा नाही. शेवटच्या रांगेपर्यंत दिसायचे तर रंग भडक करावे लागतात. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने गावोगावची लोकनृत्ये व्यावसायिक रंगमंचावर आणली, तेव्हा शहरातील दोन पिढ्यांना या कलांची गोडी लागली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण मूळ कलाकृतीला जाण असते. तिच्या नकलेच्या नकलेला ती उरत नाही. आज शाळेच्या संमेलनात दिसणारा कोळी हा बहुतेक वेळा दुसऱ्या संमेलनातल्या कोळ्यावरून बेतलेला असतो.

या नकलेत आणखी एक गोष्ट घडली. ‘आगरी-कोळी’ हा जोडशब्द रंगमंचावर एकच पात्र होऊन बसला. दोन्ही समाज शेजारी आहेत, त्यांची बोली आणि गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, हे खरे. परंतु आगरी समाजाचा इतिहास प्रामुख्याने खारजमिनीतील भाताचा आणि मिठागरांचा आहे. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. हा इतिहास असलेल्या माणसाच्या हातातही रंगमंच वल्हेच देतो. कोर्लईच्या किल्ल्याखाली पोर्तुगीज मिश्रित बोली बोलणारे ख्रिस्ती राहतात, किनाऱ्यावर दालदी मुसलमान मासेमारी करतात. किनाऱ्याच्या सामूहिक चित्रात यांच्यापैकी कुणालाच वेष मिळालेला नाही.

एवढ्याशा कपड्यांचे हे कौतुक कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर रायगडच्या नकाशात आहे. उरण-पनवेलचा किनारा गेल्या चाळीस वर्षांत जितका बदलला तितका राज्यातील क्वचितच एखादा भाग बदलला असेल. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्यासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. तिथे घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन करा, ही मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी भूमिपुत्रांनी २०२१ मध्ये मानवी साखळी आणि सिडकोवर मोर्चा अशी मोठी आंदोलने केली होती.

या घडामोडींत ‘आपण कोण’ हा प्रश्न केवळ भावनेचा राहत नाही, तो हक्काचा होतो. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तिथे ‘पारंपरिक मच्छीमार’ कोण, हे नाचून दाखवायचे नव्हते, सिद्ध करायचे होते. खाडीत कोण कोणते जाळे टाकते, कुणाचे उत्पन्न कशावर, भरतीची वाट कुठे अडली, याचा हिशोब द्यायचा होता. रंगमंचावर ज्याला एकाच टोपीखाली उभे केले जाते, त्याला लवादापुढे आपले वेगळेपण कुटुंबागणिक मांडावे लागते. टाळ्या समूहाला मिळतात. नुकसान मात्र एकेकट्याच्या पदरी पडते.

याचा अर्थ कोळी वेष रंगमंचावरून उतरवावा असा नव्हे. खुद्द कोळीवाड्यांनीच या वेषाचा ताबा पुन्हा कसा घेतला आहे, हे पाहण्यासारखे आहे. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत एकाच रंगाची लुगडी नेसलेल्या स्त्रियांचे गट दिसतात. रोजच्या कामावर जाताना तरुण खलाशी टी-शर्ट आणि अर्धी विजार घालतो, पण सणाला आणि हळदीला सुरका व टोपी आवर्जून बाहेर काढतो. म्हणजे कामाचा पोशाख आता अभिमानाचा पोशाख झाला आहे. इथेही एकसारखेपणा आहे. मात्र तो आपणहून स्वीकारलेला आहे. यंदाचा रंग कोणता, हे त्या बायकांनी एकत्र बसून ठरवलेले असते. आणि त्या एकरंगी रांगेतही कुणाच्या गळ्यात कोणता दागिना, कुणाची नेसण कशी, हे शेजारणीला बरोबर दिसते. बाहेरच्याला गणवेष वाटणाऱ्या गोष्टीत आतल्याला माणसे दिसतात.

वादाचा मुद्दा म्हणूनच वेष खरा की खोटा हा नाही, तो ठरवतो कोण हा आहे. खेळ्यांचा वेष गावाने ठरवला. जपानी मुलींचा वेष त्यांना घडवणाऱ्यांनी, त्या पात्रांचा स्वभाव डोळ्यांसमोर ठेवून ठरवला. कोळीनृत्याचा वेष मात्र मागणी, भाडे आणि सवय यांनी ठरवला आहे. त्यात कोळीवाड्याला कुणी विचारलेले नाही.

हे बदलणे अवघड नाही आणि खर्चिकही नाही. शासनाचा सांस्कृतिक विभाग आणि मोठ्या शाळा यांनी कोळीनृत्य सादर करताना ते कोणत्या गावचे, हे सांगण्याचा साधा नियम पाळावा. मुरूडचे नृत्य असेल तर मुरूडच्या जाणत्या स्त्रियांना नेसणे शिकवायला बोलवावे आणि त्याचा मोबदला द्यावा. रंगमंचावर नाखवा, तांडेल, खलाशी, मासळी विकणारी, जाळे विणणारा असे वेगवेगळे वेष आणले, तर नृत्याची रंगत कमी होणार नाही, वाढेलच. पाठ्यपुस्तकात ‘कोळी’ या चित्राखाली दोन ओळी सुरक्याच्या उपयोगाबद्दल आल्या, तरी मुलांना कपड्यामागचे काम दिसेल.

लोककलेच्या जागाही टिकवाव्या लागतील. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावातल्या कोकणी माणसाच्या शक्ती-तुऱ्याचे आणि नमनाचे हक्काचे घर होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांनाच रस्त्यावर यावे लागले. ज्या प्रेक्षागृहात कलगी आणि तुरा यांतला फरक समजणारे लोक बसतात, तिथेच वेषाचा अर्थ जिवंत राहतो. तो प्रेक्षक पांगला की उरते ती निव्वळ रंगीबेरंगी कवायत.

सरकारी सोहळ्यांत मनोरंजनासाठी कोळीनृत्य पुढेही होत राहील आणि पुढच्या पुलांची, बंदरांची उद्घाटनेही होत राहतील. पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या असलेल्या त्या टोपीवाल्यांकडे पाहताना एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे: ज्या किनाऱ्याच्या नावाने हा वेष चढवला जातो, त्या किनाऱ्यावरच्या माणसांना प्रेक्षकांच्या टाळ्यांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, होडी लावायला जागा हवी आहे. वेष जपणाऱ्या समाजाने वेषधारकाची खाडीही जपली पाहिजे.