कपाटातली निळाई

आपल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट असतेच. त्यात आजोबांच्या काळची चिनीमातीची भांडी, निळ्या वेलबुट्टीची एखादी जपानी बशी, सहांतून उरलेले चार वाडगे. दिवाळीपूर्वी ती पुसली जातात आणि पुन्हा कुलूपबंद होतात. जेवण मात्र स्टीलच्या ताटात, अलीकडे मेलामाइनच्याही. ह्या जपणुकीला आपण रसिकता म्हणतो. आमच्या मते हा त्या भांड्यांचा अपमान आहे.

कारण ती जेथे घडली तेथे जेवणासाठी घडली. क्यूशू बेटावरील आरिता येथे सतराव्या शतकाच्या आरंभी योग्य तो पांढरा दगड सापडला. परंपरा १६१६ हे साल सांगते आणि शोधाचे श्रेय यी साम-प्योंग ह्या कोरियन कुंभाराला देते. हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांत (१५९२–९८) जपानी सरदारांनी जे कारागीर नेले, त्यांपैकी हा एक. दगड कुटून माती करायची, चाकावर वाडगा उतरवायचा, तो हलका भाजायचा आणि त्याच्या कोरड्या अंगावर कोबाल्टच्या रंगाचा कुंचला फिरवायचा. ते अंग पाणी झटकन शोषते. कुंचला अडखळला की डाग पडतो, आणि पडलेला डाग सहजी पुसत नाही. मोठ्या जाड कुंचल्यात भरपूर पातळ रंग घेऊन तो रेघांच्या आत ओघळू देण्याची ‘दामी’ नावाची वेगळीच कला आहे. मग वरून काचेसारखा लेप आणि सुमारे १३०० अंशांची आच. तेव्हा कुठे मळकट रंगाचा निळा होतो. निळाई लेपाखाली राहते, म्हणून घासून जात नाही. जे रोज खरकटे व्हायचे आणि रोज धुवायचे, त्यासाठीच ही युक्ती उपयोगी. कपाटात ठेवायच्या वस्तूला तिची गरज काय?

आरिताच्या शेजारचे हासामी तर सामान्यांचेच गाव. ओसाकाजवळ योदो नदीत प्रवासी नौकांना खेटून लहान होड्या येत आणि विक्रेते ‘खाता की नाही?’ अशा धसमुसळ्या बोलीत अन्न विकत. त्या आरोळीवरून जाड, बसक्या, घाईने चितारलेल्या वाडग्यांना ‘कुरावांका’ हे नाव पडले. गरीब प्रवाशाच्या हातातही कुंचल्याने काढलेली वेल होती.

आमचे एक स्नेही म्हणतात, हाताने रंगवलेले भांडे रोज वापरणे ही श्रीमंतांची चैन. मेइजी काळात (१८६८–१९१२) छापील नक्षी आली आणि भांडी स्वस्त झाली हे खरे. छापील बशीत जेवणाऱ्याला आम्ही हसणार नाही. पण आपल्या कपाटातल्या भांड्यांची किंमत तर आजोबांनीच चुकती केली आहे! मग भीती फुटण्याची काय? जपानात ती होतीच. काचेची पूड लावून, पुन्हा भाजून तुकडे सांधणारे कारागीर एडोच्या गल्ल्यांतून फिरत. (सोन्याने सांधण्याची गोष्ट आपल्याकडे फार लाडकी, ह्या गरिबांच्या डागडुजीविषयी कोणी बोलत नाही.)

खरे कारण आम्हांस निराळे दिसते. चिनीमाती आपल्या सोवळ्यात चालत नसे. आमच्या घरी पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. झाडलोट करणाऱ्या बाईंना चहा त्यातून, आणि विसळायचा त्यांनीच. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहिणे अधिक लाजिरवाणे. पुढे सोवळे गेले, आणि तीच माती प्रतिष्ठेची खूण होऊन दिवाणखान्यात बसली. विटाळाची म्हणून पडवीत, मोलाची म्हणून कपाटात. आपल्या पंक्तीला मात्र ती कधीच आली नाही.

येथे हैदराबादेत सालारजंग संग्रहालयात जपानी चिनीमातीची भांडी काचेआड आहेत, ते योग्यच. ते संग्रहालय आहे. आमच्या-तुमच्या घराला तिकीट नाही.

गेल्या वर्षी आम्ही कपाटाचे कुलूप काढले. घरात कुरकूर झाली. नातवंडांच्या हाती वाडगे देऊ नयेत, असे सर्वांचे मत पडले. वाडगे चार होते, आता तीन आहेत. फुटला तो आमच्याच हातून. उरलेल्या तिघांत रात्रीचा ताकभात होतो.